घडीबाईंचा हुंकार

बाईंना सगळे घडीबाई म्हणत, आणि त्यांना त्याचा राग कधी आला नाही. एखादे नवे आईवडील शाळेच्या जिन्यात घुटमळत "इथे त्या... घड्या शिकवणाऱ्या बाई कोण?" असं विचारू लागले, की त्या स्वतःच पुढे होऊन म्हणायच्या, "मीच ती. या, बसा. आधी पाणी प्या." या शाळेच्या पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाच्या घशाला कोरड पडलेली असते, हे त्यांना ठाऊक होतं.

शाळा होती ज्यांना कुठलीही गोष्ट शिकायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, अशा मुलामुलींची. खालच्या मजल्यावर अक्षरं नि आकडे. वरच्या मजल्यावर मोठ्यांचा वर्ग, तो बाईंचा. त्या वर्गात फळा नव्हता. एक लांबच लांब टेबल होतं, एक शेगडी होती, कपाटभर चादरी-टॉवेल-अभ्रे होते आणि भिंतीला टेकवून ठेवलेलं एक खोटं दार होतं. चौकटीसकट दार, कडी, कुलूप, सगळं खरं. पलीकडे फक्त भिंत. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, किल्ली खिशात टाकायची आणि खिसा चाचपायचा, हे त्या दाराशी उभं राहून मुलं महिनोन् महिने गिरवत. बसमध्ये आपला थांबा यायच्या आधी उठणं, संडास कुठे आहे हे न लाजता विचारणं, चहा उतू जाऊ न देणं, आणि नको त्या माणसानं खांद्यावर हात टाकला तर मोठ्यानं 'नको' म्हणणं. थोडक्यात काय, जे आपल्याला कुणी शिकवलंय हेच आपण विसरून गेलेलो असतो, ते सगळं.

'नको' म्हणण्यात साहेबचा हात धरणारं कुणी नव्हतं. साहेब म्हणजे एक मुलगी, बरं का. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोळे किंचित तिरके, जीभ जराशी जड. पहिल्यांदा आईचं बोट सोडून शाळेत शिरली ती दोन्ही हात पाठीमागे बांधून, इकडेतिकडे बघत, तपासणीला आल्यासारखी. शिपाई उठून उभा राहिला आणि म्हणाला, "या साहेब." तेव्हापासून ती साहेब. आता ती एकविशीला टेकली होती, आणि 'नको' असं म्हणायची की बिस्कीट पुढे करणाऱ्यालाही आपलं काही चुकलंय असं वाटावं.

एकविशी झाली की शाळा संपते, असा नियम होता. त्यानंतर काय, हे नियम सांगत नाही. नियमाचं काय जातंय?

साहेबच्या घरी आई आणि ती, दोघीच. आई एका दवाखान्यात रुग्णांची नावं लिहून घ्यायच्या खिडकीत बसे. एकदा पालकांच्या बैठकीनंतर सगळे गेले तरी ती खुर्चीवरून उठेना. मग खाली मान घालून म्हणाली, "बाई, हिची शाळा सुटली की मी काय करू? नोकरी सोडली तर खायचं काय, आणि नाही सोडली तर हिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावून जाऊ का? पोटच्या पोरीला?"

बाईंनी तिला काही गोड उत्तर दिलं नाही. बाई खोटा धीर देण्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "बघते मी," आणि त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

कारण कुलूप न लावताही कुलूपबंद झालेलं घर त्यांनी पाहिलं होतं. शाळेतून बसथांब्याकडे जाताना एक जुनी इमारत लागे. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी बसलेली असे. आता ती चांगली तिशीपलीकडे गेलेली, केसांत एखाददुसरा पांढरा. मांडीवर टॉवेल. त्या टॉवेलची ती घडी घाली, मग थांबे आणि रस्त्यावर बघत राही. बाई दिसल्या की तिचे डोळे त्यांच्यावर खिळत. बाई खालून मान हलवून म्हणत, "हं, छान," आणि मग ती पुढची घडी घाली. 'ओळख ठेवलीये बिचारीनं,' असं बाईंना वाटे, आणि त्या पाय उचलत.

साहेबचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाई खात्यात माणूस हवं आहे असं कानावर आल्याबरोबर त्या तिथे जाऊन धडकल्या. तळघरातला लांब हॉल, भल्यामोठ्या यंत्रांची घरघर, गरम कापडाचा वास, आणि मधोमध घड्यांचं टेबल. तिथल्या इन्चार्ज बाई उंच, चष्मा केसांत खोचलेल्या, बोलणं तोलूनमापून. त्या म्हणाल्या, "मी कुणावर उपकार करत नाही आणि करून घेतही नाही. काम जमलं तर घेईन. जमतंय का ते बघू."

"एवढंच हवंय," बाई म्हणाल्या. त्यांना या इन्चार्ज बाई आवडल्या.

आता बाईंची शिकवायची रीत सांगायला हवी, कारण घोळ तिथेच होता. बाई नेहमी विद्यार्थ्याच्या डाव्या खांद्यामागे उभ्या राहत. आधी त्याच्या हातावर स्वतःचे हात ठेवून घडी घालायच्या. मग हात काढून नुसतं बोट दाखवायच्या. मग बोटही नाही, नुसतं उभं राहणं. मग एक पाऊल मागे, मग खिडकीपाशी. "शिकवणं म्हणजे हात काढून घेणं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं आणि त्याचा त्यांना थोडा तोराही होता. असायलाच हवा होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांच्या घड्या बघत राहाव्यात, काठाला काठ असा लागलेला.

पहिले काही दिवस बाई साहेबबरोबर धुलाई खात्यात गेल्या. काय सांगावं, पोरीनं नाव काढलं. टॉवेल, अभ्रे, झगे, सगळ्यांच्या थप्प्या सरळ भिंतीसारख्या. शेजारी घड्या घालणाऱ्या एक मावशी होत्या, मुरलेल्या. त्यासुद्धा म्हणाल्या, "माझ्यापेक्षा नीट घालते ही." बाई खांद्यामागे, मग पावलाभरानं मागे, मग खांबाशी. इन्चार्ज बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन एक थप्पी तपासली, आणि काही न बोलता परत ठेवली. यांच्याकडे हीच शाबासकी असावी.

मग बाई बाहेर चहाला गेल्या. मुद्दामच गेल्या, आता साहेबला एकटीला करू दे म्हणून. ऐटीत चहा घेतला, वर एक बिस्कीटही खाल्लं. परत येऊन बघतात तर टेबलावर गरम टॉवेलांचा डोंगर, मावशी दोघींचं काम एकट्या ओढताहेत, आणि साहेब एका टॉवेलाची एकच घडी घालून, त्यावर दोन्ही तळवे ठेवून, दाराकडे डोळे लावून उभी.

"काय झालं ग?" बाईंनी विचारलं.

साहेबनं त्यांच्याकडे पाहिलं. बाई जवळ आल्या, काय अडलंय ते पाहिलं, आणि तिनं पुढची घडी घातली. मग त्यापुढची. हात पुन्हा सुरू.

इन्चार्ज बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "मुलगी गुणी आहे. पण तुम्ही नसलात की दर घडीला थांबते. मी दोन माणसांच्या जागी दोन माणसं घेईन, दोनाच्या जागी तीन कशी घेऊ? इथे यंत्र थांबत नाही हो." आणि वर म्हणाल्या, "सोमवारी शेवटचं बघू."

बाईंचं तोंड उतरलं. संध्याकाळी त्यांनी साहेबच्या आईला काय झालं ते सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्यासमोर जमतं ना तिला?" या प्रश्नानं बाईंना जास्तच लागलं.

काय अडतंय? यंत्रांचा आवाज? टेबल उंच आहे? एकटीला भीती वाटते? दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात टेबल खाली-वर करून पाहिलं, पंखा मोठा करून आवाज करून पाहिला, दिवे घालवून पाहिले. साहेबनं सगळ्या घड्या बिनचूक घातल्या. बाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी हात टेकले.

घरी गेल्या तर हे चहा करत होते. हे म्हणजे बाईंचे यजमान, बसगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं मिश्कील. संध्याकाळचा चहा त्यांचा. बाई स्टुलावर मटकन बसल्या आणि शेगडीकडे बघत राहिल्या. यांनी पाणी ठेवलं. पावडर घातली. साखर घातली. बाईंचं डोकं धुलाई खात्यात होतं. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं, की हे दुधाचं भांडं हातात धरून नुसतेच उभे आहेत.

"घाला की दूध."

"तुझं 'हं' आलं नाही अजून."

"कसलं हं?"

"कसलं म्हणजे? पाणी ठेवलं की हं, पावडर टाकली की हं, साखर टाकली की हं. लग्न झाल्यापासून ऐकतोय. आधी वाटायचं, हिचा माझ्यावर भरवसा नाही. मग सवय झाली. आता तर ते आलं नाही की माझाच हात अडतो. आज काय, सुट्टी आहे का त्याला?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. चहा उतू गेला. ज्या घरात आयुष्यात चहा उतू गेला नव्हता, त्या घरात.

सकाळी वर्गात शिरल्याबरोबर, पिशवीही खाली न ठेवता, त्यांनी विचारलं, "तुम्ही घड्या घालता, तेव्हा मी काय म्हणते रे?"

अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "हं." आणि सगळ्यांनी मान किंचित उजवीकडे कलती केली, थेट बाईंसारखी.

बाई खाली बसल्या. हात काढून घेतला, बोट काढून घेतलं, स्वतःला खिडकीपर्यंत मागे नेलं, पण तोंड? ते तिथेच डाव्या खांद्यामागे राहिलं होतं. साहेब टॉवेलाची घडी शिकली होती, पण घडी, हं, घडी, हं, अशी. तिच्या लेखी 'हं' हा त्या घडीचाच एक भाग होता, जसा काठ, जसा कोपरा. तिनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. जे शिकवलं ते तिनं इमानानं केलं होतं, आणि जिथे ते मिळालं नाही, तिथे ती वाट बघत उभी राहिली होती.

बाईंनी ठरवलं, आजपासून हं बंद. ठरवणं सोपं. दुसऱ्याच घडीला तोंडातून निसटलं. त्यांनी जीभ चावली. तोंडावर रुमाल धरला, तर रुमालामागून आलं. घरी येऊन त्यांनी यांच्यापुढे रडगाणं गायलं. हे म्हणाले, "मूग गिळून बस की."

"तेच तर जमत नाही."

"मग तोंडात पाणी धर. बघू कशी बोलतेस."

हे गमतीनं म्हणाले. बाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पाण्याची बाटली घेऊन त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि गाल फुगवून घेतले. साहेबनं टॉवेल पसरला, पहिली घडी घातली, आणि थांबली. बाई गप्प. साहेबनं वळून पाहिलं. बाईंनी मान हलू नये म्हणून ती ताठ धरली आणि नजर खिडकीबाहेर लावली.

"बोला," साहेब म्हणाली.

बाई गप्प.

"बाई, बोला ना."

त्या आवाजानं बाईंच्या काळजाचं पाणी झालं. एक घोट गिळला की झालं, एवढंसं तर हवंय लेकराला. पण त्यांनी गिळलं नाही. मग साहेब अगदी जवळ आली, त्यांच्या फुगलेल्या गालाकडे निरखून पाहिलं, आणि बोट टेकवून तो दाबला. पाणी फर्रकन धुतलेल्या टॉवेलांवर. सगळा वर्ग पोट धरधरून हसला, साहेब सगळ्यांत जास्त, आणि बाईंनाही हसू आवरेना. टॉवेल वाळत घालावे लागले. त्या दिवसापुरता तो तास तिथेच संपला.

शनिवारी शाळेला सुट्टी होती, तरी बाईंनी साहेबला बोलावलं. आई कोपऱ्यात खुर्चीवर बसली, हात मांडीवर घट्ट धरून. पुन्हा टॉवेल, पुन्हा पहिली घडी, पुन्हा सगळं ठप्प. आता हसायला कुणी नव्हतं. साहेबनं बाईंकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली, कारण तिला तसं सांगून ठेवलं होतं. साहेब चिडली. हात पाठीमागे बांधून तिनं टेबलाला एक फेरी मारली. दुसरी मारली. खोट्या दारापाशी जाऊन कडी खडखडवली. परत आली. टॉवेलाकडे रागानं पाहिलं, त्यानं काहीतरी अपराध केल्यासारखं. आणि मग मान किंचित उजवीकडे कलती करून, घोगऱ्या आवाजात, थेट बाईंच्या सुरात, स्वतःच म्हणाली,

"हं."

आणि दुसरी घडी घातली. पुन्हा "हं." तिसरी घडी. टॉवेल थप्पीवर. दुसरा टॉवेल घेतला.

आईनं तोंडाला हात लावला. बाई खिडकीपाशी तशाच उभ्या. तोंडातलं पाणी तोंडात होतं, आणि डोळ्यांतलं गालांवरून हनुवटीपर्यंत पोचलं होतं. पुसायलासुद्धा त्यांनी हात उचलला नाही. हात हललेला बघून पोरीचं लक्ष जाईल, या धास्तीनं.

सोमवारी बाई धुलाई खात्याच्या दाराशीच थांबल्या. आत गेल्याच नाहीत. दाराला काच होती. तिच्यातून टेबल दिसे, ऐकू मात्र काही येत नसे. साहेबनं टॉवेल उचलला. बाईंचा जीव टांगणीला. पहिली घडी. मग साहेबची मान उजवीकडे कलली, ओठ जरासे हलले, आणि हात पुढे गेले. यंत्रातून नवा ढीग पडला. तो संपला. अजून एक पडला. तो संपत आला, तेव्हा मावशींनी मोठी चादर ओढली आणि साहेबला दोन टोकं दिली. मोठ्या चादरीची घडी दोघींनी मिळून घालायची असते, ते बाईंनी शिकवलंच नव्हतं. पण दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या, चादर ताणली, साहेबची मान कलली, ओठ हलले, आणि त्याच क्षणी दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक.

दुपारी इन्चार्ज बाई बाहेर आल्या. चष्मा केसांत. "ती सारखं स्वतःशीच काहीतरी हं हं करते," त्या म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाल्या. "ते राहणार. ते माझ्यामुळे लागलंय तिला. चालेल का?"

"न चालायला काय झालं? त्या यंत्रांच्या गोंगाटात मावशी दिवसभर गाणी म्हणतात, ती चालतात. आणि आता मावशीच म्हणतात, चादरीला हिच्या 'हं'वर पाऊल टाकलं की कोपरे चुकत नाहीत." मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल. आईला सांगा, उद्या ओळखपत्राला फोटो घेऊन यायचं."

बाई निरोप घ्यायला आत गेल्या. एवढी वर्षं सांभाळलेली पोर, काहीतरी बोलावं, डोक्यावरून हात फिरवावा, असं त्यांच्या मनात होतं. साहेबनं त्यांना पाहिलं, हातातला अभ्रा न थांबता दुमडला, "हं" म्हटलं, आणि मग म्हणाली, "बाई, काम चालूये. तुम्ही घरी जा."

"येऊ का मधून मधून बघायला?"

"नको," साहेब म्हणाली. अगदी शिकवलं होतं तस्सं.

बाई हसत हसत पायऱ्या चढल्या आणि वर उजेडात आल्यावर थोड्या रडल्या. पहिलं साहेबच्या आईला सांगायचं म्हणून तिच्या दवाखान्याच्या खिडकीपाशी गेल्या. तिथे रांग होती. त्यांनी रांगेच्या वरून नुसती मान हलवली. खिडकीतल्या आईनं लेखणी खाली ठेवली, आणि रांगेतल्या माणसांना थोडा वेळ थांबावं लागलं.

तिथून नेहमीच्या बसथांब्याकडे जाताना ती जुनी इमारत लागली. गॅलरीत ती बसलेली होती, मांडीवर टॉवेल घेऊन. एक घडी घातलेली, तळवे त्यावर ठेवलेले. बाई दिसल्या तसे तिचे डोळे त्यांच्यावर खिळले.

बाईंच्या ओठांवर नेहमीचं 'हं' आलं आणि तिथेच थबकलं. ही ओळख ठेवून बघत नव्हती. ही एवढी सगळी वर्षं थांबली होती. शाळा सुटली त्या दिवसापासून, एका घडीवर तळवे ठेवून, रस्त्यानं कुणीतरी येईल आणि 'हं' म्हणेल म्हणून. आणि आपण रोज खालून म्हणत होतो आणि बस पकडत होतो. बाईंना ते आता उमगलं. इमारतीच्या भिंतीला हात लावून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

बस आली आणि गेली. बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि त्या जिना चढू लागल्या. पहिल्या मजल्यावर पोचल्यावर त्यांनी बाटलीत उरलंसुरलं होतं तेवढं पाणी तोंडात घेतलं, गाल फुगवले आणि घंटी दाबली. आतून पावलं ऐकू आली तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आधी दार उघडणाऱ्या माणसाशी बोलावं लागणार.

दार उघडलं. पोरीची आई, पार थकलेली, डोळ्यांवर हात धरून बघत होती. "अगंबाई, घडीबाई? इतक्या वर्षांनी? काय काम काढलंत?"

बाईंनी पाणी गिळलं.

"काम माझंच राहिलंय थोडं, तुमच्या लेकीपाशी," त्या म्हणाल्या. "रोज येईन म्हणते शाळा सुटल्यावर. चालेल ना? आणि एक ग्लास पाणी लागेल."